मेडे, शिट्टी आणि वॉकीटॉकी : कोकणातल्या अग्निशमन पथकांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न नगरपरिषदेच्या बंबावर काम करणाऱ्यांचे आहेत. लोटे-परशुराम, महाड, रोहा, तारापूर अशा एमआयडीसींतल्या कारखान्यांच्या फायर क्रूचे आहेत, आणि फाल्गुन-चैत्रात सड्यावर (कातळाच्या पठारावर) वणवा विझवायला धावणाऱ्या गावकऱ्यांचेही आहेत. तुमच्या दलाचा लेखी आदेश असेल तर तो पाळायचा. लेखी काहीच नसेल तर निदान हे वाचून आपापसात ठरवून घ्या.

आत अडकल्यावर ‘मेडे’च का म्हणायचं? सरळ ‘वाचवा’ म्हटलं तर?

आगीच्या जागी ‘वाचवा’, ‘धावा’, ‘मेलो’ हे शब्द चहूबाजूंनी कानावर येतच असतात. वॉकीटॉकीवर आलेलं ‘वाचवा’ आपल्या माणसाचं की त्याच्यामागे उभ्या घरमालकाचं, हे बाहेर उभ्या अधिकाऱ्याला कळत नाही. मेडे हा शब्द एरवी कोणी उच्चारत नाही, हाच त्याचा उपयोग. 1923 च्या सुमाराला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर तो घडवला गेला. विमानं तिथून पॅरिसला जात, म्हणून ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून तो घेतला. तीनदा म्हणायचं कारण असं की पहिला शब्द बऱ्याचदा बटण दाबताना कापला जातो आणि दुसऱ्याला ऐकणारा दचकतो. अर्थ लागतो तो तिसऱ्याला.

मेडे नेमका कधी द्यायचा? उगाच दिला तर साहेब ओरडतील.

जोडीदार सुटला आणि हाक मारूनही ओ मिळाली नाही, होज (पाण्याचा पाइप) हाताखालून गेला आणि भिंतही सापडत नाही, माळा किंवा पत्रा अंगावर आला, पाय खाली गेला, वायरीत किंवा केबल ट्रेमध्ये अडकलात, बीए सेटची (पाठीवरच्या श्वसनयंत्राची) हवा संपत आल्याची शिट्टी वाजली आणि बाहेरचा रस्ता माहीत नाही. यातलं एकही घडलं की लगेच मेडे द्यायचा. आधी दोन मिनिटं स्वतः प्रयत्न करून बघू, हा विचारच माणसाला अडकवतो, कारण धडपडीत हवा दुपटीने जाते आणि बोलायला दम उरत नाही. सुटलात तर मेडे रद्द करायला एक वाक्य पुरतं.

साहेबांबद्दल : पथकप्रमुखाने कामावर घेतानाच सर्वांत नव्या विमोचकाला (अग्निशमन जवानाला) सांगून ठेवावं की मेडे असेल तर अधिकारी बोलत असतानाही मध्ये घुसायचं. आपल्याकडे मोठ्यांचं बोलणं तोडत नाहीत. ही सवय घरात चांगली असली तरी चॅनेलवर मोडावी लागते.

मेसेजमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं?

कुठे, कोण, काय झालं, हवा किती, काय हवं, या क्रमाने. ‘कुठे’ सर्वांत आधी, कारण तेवढ्यावर बोलणं तुटलं तरी शोध सुरू करता येतो. उदाहरणार्थ : ‘मेडे, मेडे, मेडे. पहिला मजला, क बाजू, जिन्याच्या डावीकडे. बंब दोन, सावंत. पत्रा पायावर. हवा एक दोन शून्य. कटर लागेल.’ एवढ्याला दहा-बारा सेकंद लागतात.

बाजूंना नावं द्यायची पद्धत लावून घ्या. रस्त्याकडची दर्शनी बाजू ‘अ’ आणि तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे ब, क, ड. ‘उजवीकडे’ हा शब्द एकटा वापरायचा नाही, कारण तुमची उजवी ती समोरून येणाऱ्याची डावी असते. कोकणातल्या जुन्या घरांत आणखी एक गोम आहे. पडवी, ओटी, माजघर, न्हाणी ही नावं गावच्या माणसाला तोंडपाठ असतात, पण घाटावरून बदलून आलेल्या किंवा हिंदी भाषक जवानाला ती कळतीलच असं नाही. मजला आणि बाजू आधी सांगा, न्हाणी नंतर.

शिट्टी वाजल्यावर किती वेळ उरतो? दहा मिनिटं म्हणतात.

म्हणतात, पण गणित मांडून बघा. 6.8 लिटरचा कॉम्पोझिट सिलिंडर 300 बारला भरला की कागदावर 2040 लिटर हवा होते. इतक्या दाबाला हवा सरळ गणितात बसत नसल्याने प्रत्यक्षात थोडी कमीच. कंपनीचा ‘पन्नास मिनिटं’ हा आकडा मिनिटाला 40 लिटर धरून काढलेला असतो. होज ओढत जिना चढणारा माणूस मिनिटाला 80 लिटर सहज घेतो. म्हणजे पन्नासाची पंचवीस झाली.

शिट्टी साधारण 55 बारला वाजते. 55 गुणिले 6.8 म्हणजे 374 लिटर. मिनिटाला 40 लिटर धरले तर नऊ मिनिटं, धडपडलात तर पाचसुद्धा नाहीत.

त्यामुळे शिट्टी ही ‘आता निघा’ची सूचना नाही. ती वाजेल तेव्हा तुम्ही दाराबाहेर असायला हवं. परतीचा दाब असा काढायचा : आत जाताना 280 बार होते, कामाच्या जागी पोचलात तेव्हा 220, म्हणजे जायला 60 लागले. परतायला तेवढेच 60, शिट्टीचे 55, मिळून 115. पंधराएक बार हातचे ठेवून 130 ला वळायचं. दोघांपैकी ज्याचा गेज कमी दाखवतो त्याचा आकडा धरायचा. बाहेरच्या एंट्री बोर्डवर नाव, आत गेल्याची वेळ, दाब आणि जागा लिहिणारा माणूस हे गणित तुमच्यासाठी करत असतो. त्याला अधूनमधून पाणी आणायला पाठवलं की अख्खी पद्धत कोलमडते.

पास अलार्म म्हणजे काय, आणि तो कधी दगा देतो?

बीए सेटच्या पट्ट्यावर किंवा गेजमध्येच बसवलेला हा छोटा यंत्रपहारेकरी. माणूस साधारण 20 सेकंद हलला नाही की तो किरकिरतो, आणि 30 सेकंदांच्या आसपास पूर्ण ताकदीने, सुमारे 95 डेसिबलने, केकाटायला लागतो. किरकिर चालू असताना अंग हलवलं की गप्प होतो. पूर्ण वाजायला लागल्यावर मात्र बटणाशिवाय थांबत नाही. हाताने वाजवायचंही बटण असतं.

दगा देण्याचे प्रकार ठरलेले आहेत. जुन्या, वेगळ्या लावायच्या युनिटला किल्ली असते. किल्ली ओढली की ते चालू होतं आणि किल्ली नावाच्या टॅलीसकट (बिल्ल्यासकट) एंट्री बोर्डवर जाते. घाईत किल्ली न ओढता माणूस आत जातो आणि पास झोपलेलाच राहतो. म्हणून बोर्डवाल्याने नियम ठेवावा : किल्ली हातात पडल्याशिवाय कोणी आत नाही. दुसरा प्रकार उष्णतेचा. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या चाचण्यांत काही पास सुमारे 150 अंश सेल्सियसला मंदावलेले आढळले होते, म्हणून जुनं युनिट ‘वाजतं ना’ एवढ्यावर ठेवू नका. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. बाहेर उभे राहून गप्पा मारणाऱ्यांचे पास इतक्या वेळा किरकिरतात की खरा वाजला तरी कोणी मान वळवत नाही. ज्याचा पास वाजेल त्याने तिथल्या तिथे बंद करून ‘चुकून’ असं मोठ्याने सांगायचं.

आणि क्रम लक्षात ठेवा. आधी वॉकीटॉकीवर मेडे, त्याला उत्तर आलं की मग पास. उलट केलंत तर तुमचाच अलार्म तुमचा आवाज गिळतो.

सगळ्यांनी बाहेर पडा, हा इशारा कसा द्यायचा?

तीन वाटांनी एकाच वेळी : वॉकीटॉकी, बंबाचा हॉर्न, शिट्टी. ब्रिटिश पद्धतीत शिट्टीचे छोटे-छोटे सलग फुंकार म्हणजे ‘जसे आहात तसे बाहेर या’. अमेरिकेत कॅलिफोर्नियाकडे बंबाच्या हॉर्नची पद्धत आहे : 10 सेकंद तुटक हॉर्न, 10 सेकंद शांतता, असं तीनदा, एकूण 50 सेकंद. मधली शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. तेवढ्यात वॉकीटॉकीवरचा आदेश ऐकू येतो आणि आतून कोणी मेडे देत असेल तर तोही. आमच्या मते दोन्ही एकत्र वापरावेत, मात्र तुमच्या भागातल्या सगळ्या पथकांनी एकच पद्धत घ्यावी.

इशाऱ्याचा आवाज दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, ही त्याची खरी अट. मुंबई-गोवा महामार्गावर टँकरवाले दिवसभर हॉर्न बडवतात, जेट्टीवर लाँचचे भोंगे असतात, कारखान्यात पाळीचा भोंगा. गर्दी हटवायला पंपवाला जर तोच तुटक हॉर्न मारत असेल तर खऱ्या वेळी आतला माणूस म्हणेल, असेल गर्दी. नागरी संरक्षणाच्या भोंग्यात वर-खाली होणारा आवाज धोक्याचा आणि सलग आवाज ‘धोका टळला’चा असतो. कारखान्याचा भोंगा याच्या उलटा ठरवू नका.

बाहेर पडण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो, कारण इमारत सांगून कोसळत नाही. 9 मे 2015 ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना जीव गमवावा लागला. लाकडी वासे-तुळया असलेल्या जुन्या इमारती चिपळूण, राजापूर, सावंतवाडीच्या बाजारपेठांतही आहेत.

‘बाहेर या’ आणि ‘सगळं टाकून बाहेर या’ हे दोन वेगळे आदेश आहेत, तेही आधीच ठरवा. पहिल्यात होज मागे ओढत यायचं, दुसऱ्यात ब्रांच (होजच्या टोकाची पाण्याची तोटी) जागेवर सोडायची. दोन्ही आदेशांनंतर नावानिशी हजेरी. डोकी मोजू नका. सात गेले सात आले, पण त्यातला एक शेजारच्या बंबावरचा असतो.

मेडे आला. बाहेरच्या अधिकाऱ्याने पहिल्या मिनिटात काय करायचं?

उत्तर द्यायचं, आणि ऐकलेलं परत म्हणायचं : ‘बंब दोन, मेडे मिळाला, पहिला मजला क बाजू, पत्रा पायावर, कटर.’ चुकीचं ऐकलं असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो. मग ‘सर्वांनी चॅनेल मोकळा ठेवा’. बाहेर बीए सेट चढवून तयार ठेवलेली जोडी आत पाठवायची. त्यांच्याकडे भरलेला जादा सिलिंडर व मास्क, दोर, कटर आणि असल्यास थर्मल कॅमेरा. ही जोडी आग लागल्यावर शोधायची नसते, पहिले दोघे आत जातानाच नावाने ठरवायची असते. आपल्याकडे एका बंबावर चार-पाच माणसं असतात, तेव्हा ‘दोन आत, दोन बाहेर’ परवडत नाही अशी तक्रार होते. ती खरी आहे. पण मग आत जाण्याआधी दुसरा बंब मागवलेला असावा.

बाकीच्यांनी आपली ब्रांच सोडून शोधायला धावायचं नाही. आग रोखून धरणारं पाणी थांबलं की अडकलेला आणि त्याला आणायला गेलेले, दोघांवरही आग येते.

आणि एक वादाचा मुद्दा. मेडे आल्यावर दुसऱ्या चॅनेलवर कोणी जायचं? आमचं मत स्पष्ट आहे : अडकलेल्याला कधीही हलवू नका. हातमोजे घालून, धुरात, आडवा पडलेला माणूस चॅनेलचं बटण फिरवू शकत नाही. बाकीचे जातील दुसरीकडे.

बंबाशी बोलता येतं, पण आरसीसीच्या किंवा पत्र्याच्या आत गेलं की वॉकीटॉकीचा सेट मुका होतो. का?

बहुधा तुम्ही रिपीटरवरून बोलताय. डोंगरावरच्या रिपीटरपर्यंत तुमचा पाच वॅटचा आवाज सळईजाळीतून आणि पत्र्यातून पोचला तरच तो पुढे फेकला जातो. दारात उभा असलेला साहेब दहा मीटरवर असूनही त्याला ऐकू येत नाही, कारण त्याचा सेट रिपीटरची फ्रिक्वेन्सी ऐकतोय. आगीच्या जागेवरचं बोलणं थेट, सेट-टू-सेट चॅनेलवर करावं, आणि कंट्रोलशी बोलायला बंबातला 25 वॅटचा सेट वापरावा.

रिपीटर कंट्रोलसाठी मात्र हवाच. खाडी, डोंगर, परत खाडी असा आपला मुलूख. दरीत उतरलं की संपर्क तुटतो. रेडिओ क्षितिजाचा ढोबळ हिशेब असा : अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि 4.1 ने गुणा. माणसाच्या छातीशी, दीड मीटरवर, पाच किलोमीटर. शंभर मीटर उंच सड्यावर 41 किलोमीटर. मध्ये डोंगर नसेल तर दोघांची बेरीज करायची.

डिजिटल घ्यावा की ॲनालॉग?

कंट्रोलसाठी डिजिटल चांगला. 12.5 किलोहर्ट्झमध्ये दोन संभाषणं बसतात, आणि नारिंगी इमर्जन्सी बटण दाबलं की कोणाचा सेट आहे ते पडद्यावर उमटतं. आगीच्या आत मात्र आम्ही ॲनालॉग थेट चॅनेल पसंत करतो. ॲनालॉगचा आवाज विझताना खरखरतो, म्हणजे लांब गेल्याची सूचना मिळते. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि एकदम तुटतो. शिवाय पास किंवा कटरच्या गोंगाटात काही डिजिटल सेट माणसाचा आवाज चोथा करून टाकतात. विकत घेण्याआधी पास वाजवून, मास्क घालून बोलून बघा. दुकानातल्या शांततेत सगळेच सेट गोड बोलतात.

इमर्जन्सी बटण विकत घेताना चालू करूनच मिळतं असं नाही. ते प्रोग्रॅम करावं लागतं, आणि दुसऱ्या टोकाला ते वाजल्यावर उठणारा माणूस लागतो.

बोललेलं समजत नाही. सेट खराब आहे का?

कधी कधी. बहुतेकदा बोलणं खराब असतं. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. माइक तोंडापासून चार बोटं, थोडा तिरका. मास्क असेल तर माइक बोलण्याच्या जाळीला जवळजवळ टेकवा आणि ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, आपलं नंतर. शेजारी दुसरा सेट मोठ्याने चालू असेल तर किंचाळी उठते, दोन पावलं दूर व्हा.

मराठीचे स्वतःचे सापळे आहेत. ‘आठ’ आणि ‘आत’ हे खरखरीत सारखेच ऐकू येतात. ‘आठ जण आत’ हे वाक्य वॉकीटॉकीवर कधीही बोलू नये. पंचावन्न-पंच्याण्णव, एकोणसाठ-एकोणसत्तर यांची गफलत ठरलेली. म्हणून आकडे सुटे सांगा : ‘पाच पाच’, ‘नऊ पाच’. ‘आत’ऐवजी ‘इमारतीत’ म्हणा. ‘नको’ आणि ‘हो’ या उत्तरांनी काम संपवू नका, पूर्ण वाक्य परत म्हणा : ‘पाणी बंद करतो.’ नाहीतर ‘पाणी बंद करू का?’ मधला ‘का’ कापला जातो आणि पंपवाला पाणी बंद करतो.

घाबरलेला माणूस मालवणीत, आगरीत किंवा भोजपुरीत बोलणार, त्याला इलाज नाही. परस्पर मदतीला येणाऱ्या कारखान्यांच्या पथकांनी निदान पाच शब्द समान ठेवावेत : मेडे, बाहेर या, पाणी चालू, पाणी बंद, हजेरी.

चॅनेलवर सतत कोणाचा तरी श्वास किंवा बंबाचं इंजिन ऐकू येतं.

कोणाचं तरी बटण दाबलं गेलंय. सीटवर सेट ठेवून त्यावर बसलेला ड्रायव्हर हा नेहमीचा आरोपी. आगीत मात्र कारण गंभीर असू शकतं : स्पीकर-माइकची वायर कोटाबाहेर लोंबकळत असेल तर उष्णतेने तिचं आवरण वितळतं, आतल्या तारा चिकटतात आणि सेट स्वतःच बोलत राहतो. त्या एका सेटमुळे सगळा चॅनेल अडतो. सेट पट्ट्यात घालून कोटाच्या आत ठेवा, माइक तेवढा कॉलरपाशी बाहेर. आणि प्रोग्रॅम करताना 60 सेकंदांचा टाइम-आउट (तेवढ्या वेळाने बोलणं आपोआप तुटतं) लावून घ्या.

कारखान्यात सॉल्व्हंटची वाफ असेल तर साधा सेट चालेल?

नाही. ज्वलनशील वायू किंवा वाफेच्या झोनमध्ये इंट्रिन्सिकली सेफ सेटच हवा, म्हणजे बिघाड झाला तरी वायू पेटवण्याइतकी ठिणगी न देणारा. झोन आणि गॅस ग्रुप प्लेटवर लिहिलेले असतात, ते जागेशी जुळतात का बघा. हे प्रमाणपत्र सेट आणि बॅटरी दोघांचं मिळून असतं. बाजारातली स्वस्त बॅटरी लावली की सेट साधा झाला. झोनच्या आत बॅटरी काढायची-घालायची नाही. नगरपरिषदेचा बंब मदतीला आला की त्यांचे सेट साधे असतात, हे गेटवरच विचारा आणि आत जाणाऱ्यांना कारखान्याचे द्या.

सेट बंद पडला. आता?

जोडीदाराचा सेट. तोही नसेल तर पास हाताने वाजवा, टॉर्च छताकडे रोखा, भिंतीवर किंवा पाइपवर ठराविक लयीत ठोका. होज सापडला तर त्याच्या जोडापर्यंत सरपटत जा आणि हातमोज्यातून चाचपा. आपल्या इन्स्टंटेनियस कपलिंगमध्ये फीमेल बाजूला दाबून सोडायच्या दोन खुंट्या असतात, मेल बाजू गुळगुळीत. होजची मेल बाजू पंपाकडे जोडलेली असते, त्यामुळे प्रत्येक जोडावर खुंट्या ज्या होजला आहेत तो होज पंपाकडे जातो. खुंट्यांच्या दिशेने गेलात की बाहेर. हे ड्रिलमध्ये डोळ्यांवर फडकं बांधून करून बघा, कारण वाचून हाताला कळत नाही.

दोर लावून गेला असाल तर झटक्यांची एक रूढ पद्धत अशी : एक म्हणजे ठीक, दोन पुढे जातोय, तीन दोर आवळा, चार मदत. पाणबुड्यांचे झटके वेगळे असतात. तुमच्यात कोणी बंदरावरून आलेला असेल तर आधी जुळवून घ्या.

वणव्यासाठी वेगळं काय?

इथे भिंती नाहीत, बीए सेट नाही, आणि बहुतेकांकडे वॉकीटॉकीही नाही. कातळावरचं सुकं गवत वाऱ्याबरोबर माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने जळतं. त्यामुळे चार गोष्टी आधी : टेहळ्या, संपर्क, पळवाट, सुरक्षित जागा. टेहळ्या उंचवट्यावर, हाती शिट्टी, आणि त्याने झोडपायला जायचं नाही. त्याचं काम वारा बघायचं. आपल्याकडे दिवस चढला की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि सकाळी शांत असलेली आग दुपारी दिशा बदलून चढणीला लागते. रात्री जमिनीकडून वारा सुटतो आणि परत फिरते. शिट्टीचे सलग तुटक फुंकार ऐकले की जळून काळ्या झालेल्या भागात किंवा उघड्या कातळावर. आंब्या-काजूच्या बागेत नको, खाली पाला असतो.

जेट्टीवर बोट पेटली तर मच्छीमारांच्या सेटवर बोलता येईल का?

बोटींवर मरीन व्हीएचएफ असतो. त्यातला चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, संकटाच्या हाकेसाठी. अग्निशमनाचा सेट त्यावर परस्पर प्रोग्रॅम करू नका. सोपा मार्ग असा की मरीन सेट असलेला एखादा तांडेल (बोटीचा प्रमुख) अधिकाऱ्याच्या शेजारी उभा करावा आणि शेजारच्या बोटी सोडवून लांब नेण्याचा निरोप त्याच्या तोंडून जावा. समुद्रात असेल तर तटरक्षक दल 1554.

सगळ्यांकडे मोबाइल आहेत. वॉकीटॉकीचा खर्च कशाला?

मोबाइल एकाशी बोलतो, वॉकीटॉकी सगळ्यांशी. आणि टॉवरची वीज गेली की मोबाइल संपला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला आदळल्यावर रायगड-रत्नागिरीच्या अनेक गावांनी ते अनुभवलं. 101, 112, 108 ला कळवायला मोबाइल वापरा, आतल्या माणसासाठी नको.

परवाना लागतो. दूरसंचार विभागाकडून फ्रिक्वेन्सी ठरवून घ्यावी लागते. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट विनापरवाना चालतात, ते गर्दी आवरायला किंवा वणव्यावर ठीक. आरसीसीच्या आत त्यांच्या भरवशावर कोणाला पाठवू नका.

खाऱ्या हवेत सेट वर्षभरात मरतात. काय चुकतं?

बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. सेट चालू होतो, पण बटण दाबून जादा वीज लागली की बंद पडतो. आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सँडपेपर लावू नका, मुलामा जातो. अँटेनाच्या आट्यांतही तेच. खाऱ्या पाण्यात भिजलेला सेट झाकणं घट्ट असतील आणि आयपी 67 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असेल तरच गोड्या पाण्याने धुवा. बॅटरीवर खरेदीचा महिना मार्करने लिहा. दीड-दोन वर्षांनी ती पाळी पुरी करते का हे घड्याळ लावून बघा आणि नसेल तर ती ड्रिलला द्या.

स्टेशनच्या मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) पाणी बहुधा कनेक्टरमधून केबलमध्ये शिरतं. पावसाआधी चिकट रबरी टेप नव्याने गुंडाळा, केबलला इमारतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप) 1.5 च्या आत हवा, 2 च्या वर गेला की आधी कनेक्टर उघडा. जांभ्यात अर्थिंग मे महिन्यात सुकतं आणि नेमक्या तेव्हाच वळवाच्या विजा पडतात. अर्थ पिटमध्ये पाणी घालत राहा, मोजणी 5 ओहमच्या आत ठेवा.

पाळी बदलताना काय तपासायचं?

बॅटरी पूर्ण. अँटेना घट्ट. चॅनेल ठरलेला, आणि तो बघून सांगायचा, ‘असेल’ नको. एकाने बटण दाबून नाव सांगायचं, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीतून परत म्हणायचं. शेजारी उभं राहून घेतलेली चाचणी धरायची नाही, कारण तिथे अँटेना तुटलेली असली तरी आवाज येतो. पास हाताने वाजवून बघायचा, मग तीस सेकंद न हलता. बीए सेटची शिट्टी : व्हॉल्व्ह बंद करून हवा हळूहळू सोडायची, काटा 55 च्या आसपास आला की वाजली पाहिजे. हे आकडे वहीत लिहायचे. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं.

आणि महिन्यातून एकदा खोटा मेडे, पण ‘सराव, सराव’ असं आधी म्हणून. बीए सेट चढवून, मास्कवर कागद चिकटवून, आडवं झोपून, हातमोज्यांसकट. बरेच जण पहिल्या खेपेला बटणच शोधत बसतात.